डिस्प्ले बोर्ड दुरुस्तीला दिला, काच बदलून परत आली

नाशिकमध्ये कुणी जुनं पिनबॉल, आर्केड मशीन किंवा डिस्प्ले असलेलं कुठलंही जुनं यंत्र दुरुस्तीला द्यायच्या बेतात असेल, तर आधी हे पूर्ण वाचा. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त संताप याचा आहे, की आमच्या घरातून चांगली वस्तू नेली आणि तिच्या जागी संपलेली आणून बसवली.

आमच्याकडे विल्यम्स कंपनीचं १९९० च्या दशकातलं पिनबॉल आहे, म्हणजे फ्लिपर नावाच्या छोट्या दांड्यांनी बॉल मारून गुण मिळवायचं मशीन. थोरल्या भावाचं कॉलेज रोडला गेम पार्लर होतं. ते बंद झालं तेव्हा बाकी सगळं विकलं, हे एकच मशीन इंदिरानगरच्या घरी आणलं. सुट्टीत भाचरं आली की दिवसभर त्याच्याभोवतीच असतात.

या मशीनच्या वरच्या उभ्या पेटीत केशरी ठिपक्यांचा डिस्प्ले असतो, १२८ बाय ३२ ठिपक्यांचा. हा एलईडी नव्हे. काचेच्या आत वायू भरलेला असतो आणि तो उजळायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज डिस्प्लेच्या कंट्रोलर बोर्डावर तयार होतं: +६२, −११३ आणि −१२५ व्होल्ट. त्या भागाच्या रक्षणाला एफ ६०१ आणि एफ ६०२ असे दोन फ्यूज असतात, दोन्ही ३/८ अँपिअरचे, स्लो ब्लो (क्षणभर जास्त करंट आला तर लगेच न उडणारे). पुढचा सगळा प्रकार या दोन फ्यूजभोवतीच फिरतो.

एका संध्याकाळी खेळता खेळता डिस्प्ले काळा पडला. बाकी मशीन ठणठणीत. बॉल सुटत होता, फ्लिपर मारत होते, आवाज येत होते, खेळ पूर्ण होत होता. फक्त गुण दिसत नव्हते. ओळखीतून एका मेकॅनिकचा नंबर मिळाला. 'सर्व प्रकारचे बोर्ड रिपेअर' असं कार्ड, बोलायला गोड. त्याने मागची पेटी उघडली, मोबाईलचा टॉर्च मारला, फ्यूजवर नुसती नजर टाकली आणि म्हणाला, "फ्यूज ओके आहेत भाऊ. डिस्प्ले बोर्ड गेलाय. हा माल आता बंद झालाय, बाहेरून मागवावा लागेल."

मीटर त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. काचेचा फ्यूज डोळ्यांना चांगला दिसतो आणि तरी आतून तुटलेला असू शकतो. तो होल्डरमधून बाहेर काढून मीटरवरच तपासावा लागतो. दोन मिनिटांचं काम.

काचेचा पॅनेल आणि कंट्रोलर बोर्ड दोन्ही तो घेऊन गेला. बारा हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतले. पावती मागितली तर कार्डाच्याच मागे 'डिस्प्ले बोर्ड १ नग' एवढं लिहून दिलं. मग तारखा पडत गेल्या. माल मुंबईत आलाय, माल कस्टममध्ये अडकलाय, माझा माणूस गावी गेलाय. शेवटी एका दुपारी आला, बसवलं, केशरी अक्षरं उमटली. उरलेले आठ हजार मात्र रोख मागितले आणि घाईत निघून गेला.

रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर खरं दिसलं. डावीकडचा भाग फिका, मशीन गार असताना काही ओळी पेटतच नव्हत्या, काचेच्या कडेला काळसर डाग. आठवड्याभरात जळका वास आला आणि डिस्प्ले पुन्हा बंद. फोन केला तर, "जुन्या मालाला गॅरंटी नसते भाऊ." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनचे पॅनेल दुरुस्त करणारे एक काका भावाच्या ओळखीचे आहेत. ते घरी आले. त्यांनी मशीनचा प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरू दिला आणि मगच हात घातला. +६२ आणि −१२५ मध्ये मिळून १८० च्या वर व्होल्टचा फरक असतो, त्यामुळे माहिती नसलेल्याने तिथे बोटं घालूच नयेत. मग त्यांनी एक फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. धातूच्या टोपीवर कोरलं होतं: ५ अँपिअर. ३/८ च्या जागी ५! शेजारचे रेझिस्टर करपून तपकिरी झाले होते आणि त्यांच्याखालचा बोर्डही काळवंडला होता.

काकांनी जे समजावलं ते सगळ्यांनी लक्षात घ्यावं. ही काच म्हातारी होते तेव्हा रातोरात जात नाही. आधी फिकी पडते, ओळी गळतात, मशीन तापल्यावर जरा सुधारल्यासारखी वाटते, असं बरेच दिवस चालतं. आमची काच काळी पडली त्या संध्याकाळपर्यंत लख्ख होती. म्हणजे दोष काचेत नव्हता, व्होल्टेजच्या भागात होता: फ्यूज, फार तर दोन-चार ट्रान्झिस्टर, झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारे डायोड) आणि रेझिस्टर. सुटे भाग काहीशे रुपयांचे. उलट म्हातारी काच जास्त करंट ओढते. त्याने बसवलेली काच तशीच होती, म्हणून योग्य फ्यूज तिच्यावर टिकला नसणार आणि म्हणूनच ५ अँपिअरचा ठोकला. फ्यूज वाचला, बोर्ड भाजला. तोच बोर्ड घरात पेटला असता तर?

काच बदलल्याचा पुरावाही मिळाला. मागे एकदा बल्ब बदलताना भावाने उघड्या पेटीचे फोटो काढून ठेवले होते. त्यात पॅनेलच्या मागचं स्टिकर स्पष्ट दिसतं, चेरी कंपनीचं. आता बसवलेल्या पॅनेलवर बॅबकॉकचं. दोन्ही कंपन्या असे पॅनेल बनवत, त्यामुळे कनेक्टर बरोबर बसतो आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. आमची चांगली काच कुणाच्या तरी मशीनमध्ये गेली असणार.

हीच चलाखी टीव्हीच्या पॅनेलला आणि इन्व्हर्टरच्या बोर्डालाही चालते. म्हणून बोर्ड घराबाहेर जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, स्टिकरवरचा नंबर पावतीवर लिहून सही घ्या, आणि फ्यूज मीटरवर तुमच्यासमोर तपासायला लावा. काढलेला जुना भाग परत हवा, हेही आधीच सांगा. यावर कुरकुर करणाऱ्याच्या हाती काहीच देऊ नका. आणि पैसे रोख नकोत. आमचे आठ हजार दिल्याचा कागदच नाही.

आता मशीनला एलईडीचा पर्यायी पॅनेल लावलाय. त्याला ते जास्तीचं व्होल्टेज लागतच नाही, म्हणून काकांनी दोन्ही फ्यूज काढूनच ठेवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पोलिसांत लेखी अर्जही दिला आहे. मेकॅनिकला पाठवलेल्या नोटिशीचं उत्तर आलेलं नाही, त्यामुळे पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. असाच अनुभव आलेलं नाशिकमध्ये आणखी कुणी असेल तर मला कळवा. माझ्या तक्रारीचा मसुदा आणि फोटोंची मांडणी पाठवतो, आणि एकाच माणसाविरुद्ध तक्रारी असतील तर एकत्र देऊ.