लॅबसाठी घेतलेला ब्लोअर, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

कुत्र्याला आंघोळीनंतर सुकवायचा हा ब्लोअर मे महिन्यात घेतला होता, आता दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे मुंबईचा पूर्ण पावसाळा या मशीनवर काढून झालाय, त्यामुळे आता लिहिते. ज्यांच्याकडे लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड असं दाट केसांचं कुत्रं आहे आणि जे वन रूम किचनमध्ये राहतात त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. पावसाळ्यात कुत्र्याला जो वास येतो तो बहुतेक वेळा मळाचा नसतो, ओलीचा असतो, आणि ओल घालवल्याशिवाय कितीही शाम्पू घाला, दोन दिवसांत परत तेच.

आम्ही परळला राहतो, हिंदमाताच्या जवळ, त्यामुळे पावसात साचणाऱ्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. आमची राणी लॅब आहे. लॅबला दोन थर असतात केसांचे, वरचे जाड आणि आत लोकरीसारखे दाट, वरून टॉवेलने पुसलं की कोरडी वाटते पण बोटं आत घातली की कातडीजवळ गारगार लागतं. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की ती ओल आपोआप सुकतच नाही. मग खाजवणं, पंजे चाटणं, बोटांच्या मधे तपकिरी डाग, कानातून आंबूस वास. बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट कुत्र्याच्या कातडीवर असतंच, ओल आणि ऊब मिळाली की ते वाढतं. त्यांनी क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू लिहून दिला, फेस १० मिनिटं अंगावर ठेवायचा, लगेच धुवायचा नाही, आणि नंतर मुळापर्यंत कोरडं करायचं. हे शेवटचं वाक्य म्हणजेच हा ब्लोअर.

आपला केसांचा ड्रायर आणि हा यात फरक आहे. ड्रायर गरम हवेने पाणी सुकवतो, हा जोरात हवा मारून पाणी केसांतून अक्षरशः बाहेर ढकलतो, त्यामुळे हीटर बंद ठेवूनही काम होतं. मी हीटर जवळजवळ लावतच नाही, फक्त ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला तेव्हा लो वर, आणि नळी अंगापासून वीतभर लांब. तोंडाला आणि कानांना हवा मारायची नाही, तिथे टॉवेलच.

सगळ्यात जास्त समाधान मला कशाचं असेल तर गोचीडांचं. हवा लागली की केस बाजूला होतात आणि कातडी स्वच्छ दिसते, पंजाच्या बोटांमधे, कानामागे, काखेत लपलेलं बारीकसं पिल्लूसुद्धा दिसतं. टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावून येणारा ताप, किती वाईट असतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना याची किंमत कळेल. हे गोचीड नुसते कुत्र्यावर नसतात, भिंतीच्या फटीत, पलंगाखाली जाऊन अंडी घालतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच ठेवायची, ब्लोअर हा तिचा पर्याय नाही. तसंच पंजे धुवून सुकवले म्हणून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवायची नाही, उंदरांच्या मुतातून तो जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि आमच्या भागात पाणीही साचतं आणि उंदीरही भरपूर. साचलेल्या पाण्यातून तिला नेतच नाही, मग गच्चीच्या जिन्यात फेऱ्या मारू.

आता तिच्या सामानाबद्दल, कारण कुत्रं कोरडं आणि गादी ओली असेल तर काय उपयोग. फोमची गादी पावसाळ्यात काढूनच ठेवली, आत ओल धरते आणि कुबट होते. त्याजागी लोखंडी फ्रेमची जाळीवाली बुटकी खाट आणि वर जुन्या सुती साडीची दुहेरी घडी, दोन घड्या आलटून पालटून. आमच्या वॉशिंग मशीनला हीटर नाही म्हणून घडी आधी कढत पाण्यात भिजवते, मग धुणं, मग पंख्याखाली, आणि शेवटची दमट राहिलेली ओल ब्लोअरने. नायलॉनचा पट्टाही तसाच सुकवते, मानेखाली लाल चट्टे यायचे ते ओल्या पट्ट्यानेच, आता आंघोळीला आणि बाहेरून भिजून आली की पट्टा आधी काढायचा हा घरचा नियमच झालाय. जेवणाचं भांडं स्टीलचं, रोज साबणाने घासून पालथं. लादीला फिनाइल बंद केलं, ती लादीवर लोळते आणि मग पंजे चाटते. सासूबाईंना आधी पटत नव्हतं, पण यंदा गणपतीत दीड दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं आणि एकानेही नाक मुरडलं नाही, उलट मोदक खाताना मुलं तिच्या अंगावर डोकं टेकवून बसलेली, ते बघून त्याच आता म्हणतात आज राणीला हवा दिली का.

आता त्रास. आवाज भयंकर आहे. पहिला आठवडा आम्ही मशीन लांब ठेवून नुसतं चालू करायचो आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचो, अंगावर हवा नंतर, तीही मागच्या पायांपासून. कानात कापसाचे बोळे, आठवणीने काढायचे. चाळीत आहात तर दुपारी झोपेच्या वेळी लावू नका, शेजारच्या वहिनींना विचारून मी संध्याकाळी सहाची वेळ ठरवलीय. केस इतके उडतात की मोरीतच करायचं आणि दार लोटून घ्यायचं, पण तेच केस नाहीतर सोफ्यावर आणि भाजीत पडले असते.

विजेचं लक्ष द्या. हा ब्लोअर २२०० वॅटचा, म्हणजे साधारण साडेनऊ अँपिअर, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. मशीन मोरीबाहेर कोरड्या जागी, आत फक्त नळी. अर्धा तास फुल्ल चालवलं तर एक युनिटपेक्षा थोडं जास्त जातं.

मागच्या स्पंज फिल्टरमधे केस अडकतात, दर आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावते, नाहीतर मशीन तापतं. नळीचं तोंड सप्टेंबरमध्ये सैल झालं, विकणाऱ्याने फोन घेतला नाही, लोहार चाळीतल्या हार्डवेअरवाल्याकडून क्लिप आणून घट्ट केली. घेताना मोटरचे कार्बन ब्रश वेगळे मिळतात का ते विचारून घ्या, ते झिजतात आणि ते मिळाले नाहीत तर चांगलं मशीन पडून राहतं.

देशी कुत्रं असेल, आखूड केसांचं, तर हे घेऊ नका. दोन चांगले मायक्रोफायबर टॉवेल पुरतात, फक्त बोटांच्या मधे आणि पोटाखाली नीट पुसा.