हत्तीरोगाच्या गोळ्यांची घरपोच मोहीम: काम चोख, समजावणं अपुरं

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी येऊन देतात, त्या सेवेबद्दल लिहिते. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते.

आशाताईंचं काम वाखाणण्यासारखं. आधी विचारलं, "जेवलात का?" रिकाम्या पोटी गोळी नाहीच. मग खुणांच्या काठीला लावून प्रत्येकाची उंची बघितली, कारण तीन औषधांपैकी आयव्हरमेक्टिनचं प्रमाण उंचीवर ठरतं. डीईसीचं वयावर, आणि अल्बेंडाझोलची एकच गोळी, चावून खायची. गोळ्या हातावर ठेवून निघून जाणं नाही. पोटात जाईपर्यंत समोर उभ्या, मगच बोटाला शाई.

पण शेजारचे काका म्हणाले, "मला धाड भरली नाही, मी कशाला घेऊ?" यावर उत्तर मिळालं, "वरून आदेश आहे, घ्या." इथे सेवा कमी पडते, आणि याची मला खरंच तळमळ आहे. ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं, फिरतात तो बहुतेकदा धडधाकटच दिसतो. जंत आपल्या बचावासाठी शरीराची प्रतिकारशक्ती शांत ठेवतो. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, दाह शमवणारं आयएल-10 हे प्रथिन स्रवतं, दाह करणाऱ्या पेशी दबून राहतात. शरीराचंही त्यात हित असतं, नाहीतर वर्षानुवर्षं जगणाऱ्या जंताशी भांडताना आपल्याच ऊती जळाल्या असत्या. तरी आतल्या लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, हळूहळू फुगत असतातच. शिवाय रात्री क्युलेक्स डास अशाच माणसाचं रक्त पिऊन जंताची पिल्लं पुढच्या घरी नेतो. काकांना हे पाच वाक्यांत सांगता आलं असतं.

तापाचंही तसंच. गोळ्यांनी हे जंत मरतात, त्यांच्या अंगातले वोल्बाकिया जीवाणू बाहेर सांडतात आणि दबलेला दाह उसळतो. अंग तापतं, डोकं दुखतं, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. हे आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून आमच्या गल्लीत "गोळ्या बाधल्या" अशी हाकाटी झाली. आशाताई दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला आल्या, तेव्हा कुठे लोक निवळले.

सासूबाईंचा पाय आधीच सुजलेला, तो गोळ्यांनी पूर्ववत होणार नाही. त्यांना आरोग्यसेविकेने टबात पाय धुऊन दाखवला, बोटांच्या बेचक्या कापडाने टिपून कोरड्या केल्या. तिथल्या भेगांतून जीवाणू शिरले की पाय लाल होऊन ठणकतो. रोज तसं केल्यापासून त्यांचा ठणका बराच कमी झालाय.

पाचपैकी चार तारे. पाचवा तारा ताप का येतो हे गोळी देण्याआधी सांगतील तेव्हा.