काळ्या प्रायमरखालचा ड्रेडनॉट

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या मॉडेल्सची सैन्यं लढवायचा खेळ खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही जे वापरलेली मॉडेल्स विकत घेतात त्यांच्यासाठी. तो बनवणाऱ्या नॉटिंगहॅमच्या (इंग्लंड) गेम्स वर्कशॉप कंपनीचा माल आपल्या हातात पडेपर्यंत वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरून चांगलाच महाग पडतो, त्यामुळे सेकंडहँडकडे वळणं साहजिकच. तिथेच मला चुना लागला.

सध्या अल्ट्रामरीन्सचं, म्हणजे खेळातल्या एका गटाचं, हजार पॉइंटांचं सैन्य रंगवतोय (सैन्याचा आकार पॉइंटांत मोजतात). पायदळ झालंय, रिडेम्प्टर ड्रेडनॉट, म्हणजे दोन पायांवर चालणारं मोठं युद्धयंत्र, तेवढा हवा होता. एका ग्रुपवर तो निम्म्या किमतीत दिसला. ‘ओरिजिनल प्लास्टिक, अर्धा जोडलेला, काळा प्रायमर मारलेला, तुमचा वेळ वाचेल.’ (प्रायमर म्हणजे रंगाआधी मारायचा अस्तराचा थर.) फोटो चोख आणि विक्रेता बोलायला गोड. ‘दादा, टेन्शन घेऊ नका, स्वतःसाठीच घेतला होता.’ यूपीआयने पैसे गेले, कुरिअर वेळेत आलं.

ड्रेडनॉटचा हात चिकटवायला घेतला तेव्हा घोळ कळला. पातळ प्लास्टिक सिमेंट हा नुसता गोंद नसतो. ते मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. इथे रात्रभर ठेवलेला हात सकाळी अलगद सुटून आला. पायाचा तळ ब्लेडने खरवडला. प्लास्टिकची निघते तशी कुरळी साल निघालीच नाही, पिवळट भुकटी पडली. रेझिन! कुणीतरी मूळ मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा काढून ओतलेली नक्कल. मग एकेक दिसायला लागलं. प्रायमरच्या जाड थराखाली टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, बोथट झालेले रिव्हेट, साचा सरकल्यामुळे मांडीवर चक्क पायरी. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं, त्यामुळे मित्राकडचा अस्सल सुटा हात याच्या खांद्याला नीट बसेना.

थ्रीडी प्रिंटचं किंवा रेझिनचं मला वावडं नाही. रेझिन म्हणून विका, मी रेझिनच्या भावाने घेईन. पण रेझिनची भुकटी श्वासात जाणं वाईट. ते घासताना मास्क लावतात, पॉलिश पेपर ओला करून घेतात. माल प्लास्टिकचा आहे असं सांगितल्यावर कोण मास्क लावून बसणार? माझ्या मते पैशांपेक्षा हा गुन्हा मोठा. शिवाय कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत असली नक्कल चालत नाही, ते वेगळंच.

तक्रार केल्यावर साहेब एकदम नरमले. ‘रिफंड देतो दादा, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.’ म्हणजे एकदा लुटून पोट भरलं नव्हतं! यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की खात्यातून पैसे जाणार, येणार नाहीत. मी नकार दिल्यावर त्याने ब्लॉक केलं. १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली आहे, चॅटचे आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडलेत. पैसे अजून आलेले नाहीत.

आता मी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागतो. पहिली, न रंगवलेल्या भागाचा जवळून फोटो, शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख. दुसरी, डबाबंद माल असेल तर स्प्रूच्या फ्रेमवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, कोरलेलं कंपनीचं नाव आणि कॉपीराइटचं साल स्पष्ट दिसेल असा फोटो. जोडलेल्या मॉडेलला फ्रेम नसते, म्हणून तिथे पहिला फोटो सोडायचा नाही. ‘प्रायमर मारलाय, आता कसं दाखवू?’ असं उत्तर आलं तर मी व्यवहार तिथेच थांबवतो. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढतो, कारण मॉडेल तुम्हीच बदललंत असं म्हणायला हे लोक कमी करत नाहीत.

परवा एका मित्राने दुसऱ्या ग्रुपवरची जाहिरात पाठवली. नाव नवं, मजकूर शब्दन् शब्द तोच, ‘तुमचा वेळ वाचेल’सकट. या वेळी रणगाडा आहे, काळा प्रायमर मारलेला.