सोलरची कोटेशनं आणि फॉलोअप शीटवर: वर्षभर वापरून लिहितोय

आमचं काम नाशिकमध्ये घरांवर, सोसायट्यांवर आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडवर सोलर बसवायचं. ऑफिसात आम्ही चौघं. 2025 च्या मे महिन्यापासून सगळी कोटेशनं आणि त्यांचे फॉलोअप एकाच गूगल शीटवर आहेत. त्याआधी एक तयार सॉफ्टवेअर चाचणीसाठी घेऊन पाहिलं होतं. त्याचे रकाने आमच्या धंद्याला बसत नव्हते आणि भाडं दर माणशी होतं, म्हणून सोडलं.

एका ओळीत एक कोटेशन. नंबर, ग्राहक, फोन, भाग, किती किलोवॅट, दिल्याची तारीख, किती दिवस वैध, कोण बघतंय. रक्कम मात्र तीन रकान्यांत ठेवा: मूळ किंमत, जीएसटी, आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान. 3 किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती सिस्टिमला 78,000 रुपये अनुदान मिळतं. काही जण ते वजा करून आकडा सांगतात, काही जण न करता, आणि ग्राहक दोन्ही कागद शेजारी ठेवून तुम्हाला महाग ठरवतो. तीन रकाने समोर असले की फोनवर तिथल्या तिथे हिशेब उलगडून सांगता येतो. स्थितीसाठी ड्रॉपडाऊनच लावा: पाठवलं, चर्चा, ऑर्डर, गेलं, थांबलंय. हाताने टाइप करायची मोकळीक दिली की एकाच स्थितीची पाच रूपं होतात आणि फिल्टर कामाचा राहत नाही.

पण ही सगळी तयारी ज्या दोन रकान्यांसाठी आहे ते म्हणजे ‘पुढची तारीख’ आणि ‘पुढचं काम’. चालू असलेल्या एकाही ओळीत हे दोन रिकामे राहायचे नाहीत, हा आमचा एकमेव कडक नियम. फोन ठेवला की आधी तारीख, मग चहा. आणि कामात ‘फॉलोअप करणे’ असं लिहायचं नाही. ‘छताचं माप घेणे’, ‘बँकेच्या कर्जाचं विचारणे’, ‘चेअरमनना सुधारित कोटेशन’ असं लिहायचं. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये टुडे फंक्शन वापरून तारीख आजची असेल तर ओळ पिवळी आणि उलटून गेली असेल तर लाल होते. सकाळी लाल ओळी आधी, मग पिवळ्या.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते ही तारीख ठरवताना. दर चार दिवसांनी फोन, हा हिशेब सोलरला चालत नाही. तारीख ग्राहकाच्या वर्षावरून ठरते. सोसायटीत निर्णय वार्षिक सभेत होतो आणि ती 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे विषय अजेंड्यावर यायला जुलै-ऑगस्टमध्येच कमिटीसमोर बसायला हवं. ऑक्टोबरात केलेला फोन म्हणजे सरळ पुढच्या वर्षाची गोष्ट. कारखान्याचं गणित घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राच्या किमतीचा जो भाग दरवर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो त्याचं. सोलरवर 40 टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. पूर्ण फायदा हवा असलेल्या मालकाची सिस्टिम ऑक्टोबर उजाडेपर्यंत सुरू व्हायला हवी, म्हणून त्याला पावसाळा सुरू व्हायच्या आधीच गाठायचं. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार आणि पॅकहाउसवाले ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत दुसरं काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतात, आणि ते बरोबरच आहे, वर्षाची कमाई वेलीवर असते. त्यांची ओळ ‘थांबलंय’मध्ये टाकून तारीख एप्रिलची द्यायची. बंगलेवाल्यांना पितृपक्षात ऑर्डरचं विचारू नका. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया यांच्या आठवडाभर आधी विचारा. या वेळा प्रत्येकाला तोंडपाठ असतात, पण शंभर ग्राहकांच्या बाबतीत त्या त्या दिवशी आठवत नाहीत. शीटला आठवतात.

शीटची किंमत मला खरी कळली ती सप्टेंबर 2025 मध्ये. 3 तारखेला जीएसटी कपात जाहीर झाली आणि सोलर पॅनलचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर येणार हे कळलं, लागू 22 तारखेपासून. मधले बहुतेक दिवस पितृपक्षाचे आणि 22 ला घटस्थापना, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्ही कारणांनी थांबलेलं. सोलरच्या कामावर 70 टक्के माल आणि 30 टक्के सेवा धरून कर बसतो, म्हणजे एकूण भार 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर आला. करापूर्वी 1,80,000 रुपयांच्या कामावर 8,820 रुपयांचा फरक. आम्ही ‘पाठवलं’ आणि ‘चर्चा’ एवढंच फिल्टर केलं, कराचा रकाना सूत्राने बदलला आणि ग्राहकांना त्यांनी विचारायच्या आत नवा आकडा कळवला. त्या फोनवर लोक ज्या आपुलकीने बोलले, ती जाहिरातीने मिळत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सेटिंगमध्ये लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते, भारताचं ठेवा. अमेरिकेचं असेल तर 5 मार्चची 3 मे होते आणि 12 च्या पुढचा दिवस तारीख म्हणून धरलाच जात नाही, मग रंग कसले बदलणार. सूत्रांचे रकाने प्रोटेक्ट करा. प्रत्येकाने आपापला फिल्टर व्ह्यू वापरावा, म्हणजे एकाच्या फिल्टरने दुसऱ्याच्या ओळी दडत नाहीत. मोबाइलवर बघायला ठीक, पण इतके रकाने सरकवत भरणं त्रासाचं आहे. साइटवरून आम्ही फक्त तारीख आणि काम एवढंच बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आपोआप इथे येत नाही, ते दोन ओळींत हाताने लिहावं लागतं. मला ही शीटची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

‘गेलं’ म्हटलं की कारण भरल्याशिवाय ओळ बंद करू नका. दरामुळे गेलेली कामं आमच्या समजुतीपेक्षा कमी निघाली. छतावरची सावली, घरात एकमत नसणं, भाऊबंदकीत अडकलेला सातबारा किंवा मीटर दुसऱ्याच्या नावावर असणं, ही कारणं वारंवार दिसली. म्हणून आता वीजबिल कोणाच्या नावावर आहे हे आम्ही कोटेशन द्यायच्या आधी विचारतो, आणि त्यासाठी शीटमध्ये नवा रकाना केलाय. तुम्ही शीट सुरू करणार असाल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.