कोलाजसाठी मिथाइल सेल्युलोज: कागदाला उत्तम, बाकी कशाला नको

कोलाज म्हटलं की रंगीत कपटे डोळ्यांपुढे येतात, पण फ्रेंचांनी नाव ठेवलं ते चिकटवण्यावरून. ‘कोल’ म्हणजे गोंद, त्यावरून ‘कोले’ म्हणजे चिकटवणे. मूळ ग्रीक ‘कोल्ला’. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने १९१२ मध्ये लाकडाची नक्षी छापलेल्या वॉलपेपरचे तुकडे कोळशाच्या रेखाटनात डकवले, त्या प्रकाराचं तर नावच ‘पापिये कोले’, चिकटवलेला कागद. तेव्हा कपटे जमवण्याआधी गोंद बघा.

मिथाइल सेल्युलोज हा कागदासाठीचा असाच एक गोंद, पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळतो. १०० मिली पाण्याला ४ ग्रॅम पुरे. एक तृतीयांश पाणी चांगलं गरम करून त्यात भुकटी भिजवायची, मग उरलेलं गार पाणी ओतून ढवळायचं. ही भुकटी गरम पाण्यात विरघळत नाही, नुसती ओली होते. विरघळते ती गार झाल्यावर. थेट गार पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. रात्रभर ठेवलं की पारदर्शक जेली तयार.

कपट्याच्या मागे मधून कडेकडे ब्रश फिरवा आणि मिनिटभर थांबा. हे थांबणं बहुतेक जण टाळतात. ओला कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेने असतात तिच्या, आडव्या दिशेने पसरतो; पसरायच्या आत चिकटवला तर खाली जागा नसल्याने फुगवटे येतात. वर बेकिंग पेपर ठेवून रोलर फिरवा, रात्रभर वजनाखाली ठेवा. पाया पातळ असेल तर मागूनही तेवढाच कागद लावा, नाहीतर सुकताना वाकतो.

वाळल्यावर डाग दिसत नाही, गव्हाच्या खळीसारखी बुरशी सहसा धरत नाही, आणि चुकलेला तुकडा ओला करून सोडवता येतो. फेविकॉलसारख्या पांढऱ्या पीव्हीए गोंदात ही सोय नाही, एकदा वाळला की संपलं.

पकड मात्र बेताचीच. पिकासोने १९१२ मध्येच वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ (तेलाचा थर दिलेलं कापड) कॅनव्हासवर चिकटवलं. तसल्या गुळगुळीत मालावर ही जेली टिकणार नाही. जाड कार्ड, कापड असेल तर निम्मं पीव्हीए मिसळा: पकड वाढते, आणि नुसत्या पीव्हीएपेक्षा सावकाश सुकत असल्याने तुकडा सरकवायला वेळही मिळतो. इंकजेट प्रिंटची शाई पाण्याने पसरू शकते, आधी कोपऱ्यावर करून बघा. वर्तमानपत्राचा कपटा पिवळा पडणारच. तो दोष त्यातल्या लिग्निनचा, म्हणजे लाकडातून आलेल्या द्रव्याचा, गोंदाचा नाही.