सत्तावीस जणांची पंगत की शेजाऱ्यांचा पैरा?

निपाणी भागातल्या एका हायस्कुलात मी शिकवतो. नोकरी सांभाळून एम. ए. केलं, तेव्हा लघुप्रबंधाला युरोपचं संयुक्त सुरक्षा व संरक्षण धोरण हा विषय घेतला आणि पहिल्याच महिन्यात फाट्यावर येऊन थांबलो. शेजारी देशांनी मिळून आपलं संरक्षण बळकट करावं, इथवर सगळ्यांचं जुळतं. पण ते करायचं कसं? युरोपीय संघाच्या सत्तावीसही देशांनी एका टेबलाशी बसून, एका नियमानं? की हद्दीला हद्द लागून असलेल्या दोघा-चौघांनी आपापसात, जमेल तेवढं? बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची मुलं अजून हाच पेच घेऊन भेटतात. कुणाला प्रबंध लिहायचा असतो, कुणाला वादविवादात बाजू धरायची असते, कुणाला मुलाखतीची तयारी करायची असते. त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी-शेजारी मांडतो. नाटो म्हणजे काय, लिस्बन करार म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते सोडून देतो.

आधी मोठी वाट. तिचं जे श्रेय आहे ते तिला दिलंच पाहिजे. माझ्या मावसभावाचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. २०११ च्या सुमारास त्याचं जहाज एडनच्या आखातातून जायचं असलं की मावशी चार-चार दिवस नीट जेवायची नाही. सोमाली चाचेगिरी तेव्हा ऐन भरात होती. पुढे ती भीती ओसरली, त्यात भारतीय नौदलाचा वाटा आहे, इतर देशांच्या नौदलांचा आहे, तसाच युरोपीय संघाच्या ‘अटलांटा’ मोहिमेचाही आहे. डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेली ही मोहीम वर्षानुवर्षं चालली. ब्रिटन संघातून बाहेर पडायच्या वेळी, २०१९ मध्ये, तिचं मुख्यालय नॉर्थवूडहून स्पेनमधल्या रोटाला हललं, पण गस्त थांबली नाही. जून २०२१ मध्ये आपल्या नौदलानं त्याच आखातात त्यांच्यासोबत सरावही केला. इतकी वर्षं, इतक्या देशांची जहाजं आळीपाळीनं समुद्रात ठेवणं दोघा-तिघांच्या आवाक्यातलं काम नव्हे.

पैशाचंही तसंच. २०२५ च्या मे महिन्यात संघानं संरक्षण खरेदीसाठी १५० अब्ज युरोंपर्यंतच्या कर्जाची सोय मंजूर केली. एवढी पत बेल्जियम किंवा फिनलंड एकट्याच्या नावावर उभी करू शकत नाही. तेव्हा कुणी मोठी वाट निवडली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

माझं मन मात्र तिथून उठलं, आणि ते एका गोष्टीमुळे.

ती गोष्ट म्हणजे बॅटलग्रुप, संकटाच्या वेळी तातडीनं पाठवायचे संघाचे लष्करी गट. १९९९ मध्ये हेलसिंकीला ठरलं होतं की २००३ पर्यंत ६०,००० सैनिक ६० दिवसांत हलवता येतील अशी ताकद उभी करायची. ते कागदावर राहिलं. मग हिशेब आवाक्यात आणला: साधारण १,५०० जणांचे गट, एका वेळी दोन सज्ज, दर सहा महिन्यांनी पाळी बदलायची. जानेवारी २००७ पासून ही पाळी पूर्ण जोमानं सुरू झाली. सराव झाले, प्रमाणपत्रं झाली, झेंडे झाले. पण एकही बॅटलग्रुप एकदाही मोहिमेवर गेला नाही. २००८ च्या अखेरीस काँगोच्या पूर्व भागात, गोमाच्या आसपास, परिस्थिती चिघळली आणि संयुक्त राष्ट्रांनी युरोपकडे तात्पुरती फौज मागितली. गेली नाही. जानेवारी २०१३ मध्ये मालीत फ्रान्स एकटाच उतरला. त्या सहामाहीत पाळीवर असलेला गट पोलंड, जर्मनी आणि खुद्द फ्रान्सचा होता, तरी तो जागचा हलला नाही.

कारणं बरीच सांगतात: एकमताची अट, संसदांच्या परवानग्या, प्रत्येकाचं वेगळं राजकारण. ती खरीच आहेत. पण मला खुपली ती पैशाची अट. सामाईक निधीतून लहानसा हिस्सा सोडला, तर ज्या देशाची फौज जाईल त्यानंच बाकीचा खर्च सोसायचा, असा नियम. म्हणजे तुमची पाळी असताना संकट आलं तर माणसंही तुमची आणि खर्चही तुमचा. मग पाळीवरचा देश मनातल्या मनात काय म्हणत असेल? हे सहा महिने सुखरूप जाऊ देत.

हे वाचताना मला पानापुढे जाता येईना, कारण हाच नियम मी स्वतःच्या अक्षरात एकदा लिहिला होता.

आमचं गाव वेदगंगेच्या काठावर आहे. २००५ च्या पुरानंतर गावात बचाव समिती झाली. गल्लीगल्लीतली पोरं, ट्रॅक्टर, दोरखंड, ट्यूबा, सगळ्याची यादी केली. पावसाळ्यात आठवड्याला दोन गल्ल्यांची पाळी लावली. वही माझ्याकडे होती. खर्चाचा विषय निघाला तेव्हा फार वाद नको म्हणून सगळ्यांनी मान डोलावली आणि मी लिहिलं: ज्या गल्लीची पाळी, डिझेल त्या गल्लीचं.

चौदा वर्षं त्या ओळीची कसोटी लागली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. नागपंचमीचा दिवस होता. संध्याकाळी पाणी मळीच्या कडेला होतं, रात्री नऊला खालच्या वस्तीच्या उंबऱ्याला लागलं. पाळीवरच्या गल्लीतली माणसं चावडीपुढे जमली होती, त्यांच्यात भित्री कुणी नव्हती. पण बोलणं कशाचं चाललं होतं? ट्रॅक्टर कुणाचा काढायचा, टाकीत किती आहे, पाण्यात इंजिन गेलं तर दुरुस्ती कोण देणार. अर्धा तास गेला. तेवढ्यात पाळी नसलेल्या गल्लीतले दोघे शेजारी ट्रॅक्टर घेऊन पाण्यात शिरलेसुद्धा. त्या दोघांच्या शेताला एकच बांध. ऊस लावणीला, भांगलणीला, तंबाखूच्या खुडणीला त्यांचा वर्षानुवर्षांचा पैरा, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. एकाचा ट्रॅक्टर, दुसऱ्याची ट्रॉली. एक चालवत होता, दुसरा पुढे काठीनं वाट चाचपत होता. पहाटेपर्यंत त्यांनी दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि अकरा म्हशी वर आणल्या. त्यांच्यात कधी काही लिहून ठरलेलं नव्हतं.

एका रात्रीवरून सत्तावीस देशांचा निवाडा होत नाही, हे मला कळतं. तरी बॅटलग्रुपबद्दल वाचलं की मला चावडीपुढचा तो अर्धा तास आठवतो. म्हणून प्रबंधात मी लहान वाट घेतली.

तिची उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. बेल्जियम आणि नेदरलंड्स यांच्या नौदलांचं सहकार्य १९४८ पासूनचं आहे, आणि १९९६ पासून दोघांचं मिळून डेन हेल्डरला एकच मुख्यालय आहे. कामाची वाटणी अशी, की वाचताना मला आमच्या बांधावरचे ते दोघे डोळ्यांपुढे आले. फ्रिगेट या युद्धनौकांची देखभाल आणि त्यांवरच्या खलाशांचं शिक्षण डच करतात. समुद्री सुरुंग शोधणाऱ्या जहाजांची देखभाल बेल्जियमच्या झेब्रुगला होते आणि त्यांचं प्रशिक्षण ऑस्टेंडला. नवी जहाजं घेतानाही तेच: सुरुंगशोधक बारा, प्रत्येकाची सहा, खरेदीत पुढाकार बेल्जियमचा, पाणबुडीविरोधी फ्रिगेट सुरुवातीला ठरल्या त्या चार, प्रत्येकाच्या दोन, पुढाकार नेदरलंड्सचा. एकानं ट्रॅक्टर ठेवला, दुसऱ्यानं ट्रॉली. आणि आपलं जहाज कुठल्या मोहिमेवर पाठवायचं, हा हक्क दोघांनीही स्वतःकडे राखला आहे. म्हणजे रोजचं काम एकत्र, आणि शेवटचा होकार-नकार ज्याचा त्याचा. मला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं.

२०१७ पासून या दोघांची लढाऊ विमानं आळीपाळीनं तिन्ही बेनेलक्स देशांच्या आकाशावर पहारा देतात. तिसरा लक्झेंबर्ग, त्याला स्वतःचं हवाई दलच नाही.

नेदरलंड्सचं जर्मनीशी जुळलेलं काम तर आणखी पुढे गेलं आहे. २०११ मध्ये काटकसरीपायी डचांनी आपल्या रणगाड्यांच्या तुकड्या मोडल्या. काही वर्षांनी त्यांचे जवान जर्मनीच्या ४१४ व्या रणगाडा बटालियनमध्ये जर्मनांच्या बरोबरीनं बसू लागले. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी नेदरलंड्स पाच दिवसांत लोळवला होता आणि रॉटरडॅम जाळलं होतं. त्याच दोन देशांची पोरं आज एका रणगाड्याचं इंजिन मिळून खोलतात. शेजाऱ्यांची जुनी भांडणं मिटत नाहीत, असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

उत्तरेला नॉर्वेचं बोडो, स्वीडनचं लुलिओ, फिनलंडचं रोवानिएमी. बोडोचा लढाऊ विमानांचा तळ २०२२ मध्ये बंद होईपर्यंत या तळांवरची विमानं आपापल्या धावपट्टीवरून उडायची, हद्द ओलांडून एकमेकांशी सराव करायची आणि पुन्हा घरी उतरायची. यजमान कुणीच नाही, त्यामुळे पाहुणचाराचा खर्चही नाही. जवळजवळ दर आठवड्याला हे चालायचं. फिनलंड आणि स्वीडन २०२३ आणि २०२४ मध्ये नाटोत गेले, त्याच्या किती तरी आधीपासून.

लहान वाटेत खोट नाही असं मात्र नाही. फ्रँको-जर्मन ब्रिगेड १९८९ पासून आहे, कौतुकही भरपूर झालं. पण दोन्ही देशांचा स्वभाव वेगळा: फ्रान्स पटकन उतरतो, जर्मनी संसदेला विचारतो. २०१८ मध्ये तिच्या तुकड्या मालीत गेल्या तेव्हा फ्रेंच एका मोहिमेत आणि जर्मन दुसऱ्याच मोहिमांत. पैरा कुणाशीही होत नाही. ज्याच्या पेरणीची घाई तुमच्याच आठवड्यात असते आणि ज्याचा शब्द तुम्ही पारखलेला असतो, त्याच्याशीच तो होतो. शिवाय एकाच्या गोदीत काम तुंबलं की दुसऱ्याचीही जहाजं अडकतात. प्रबंध लिहिणाऱ्यानं हे प्रामाणिकपणे मांडलंच पाहिजे.

एकमताच्या अटीवर मी फार शाई घालवत नाही, सगळेच लिहितात. युक्रेनला शस्त्रं देणाऱ्या देशांची भरपाई एकट्या हंगेरीनं रोखून धरली, एवढं उदाहरण पुरे.

आपल्याकडे हे लागू होतं का, असं मुलं विचारतात. थोडंफार होतं, असं मला वाटतं. सार्क या दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेची स्थापना १९८५ ची, निर्णय एकमतानं, आणि शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूची. दुसरीकडे भारत आणि मालदीवच्या तटरक्षकांचा ‘दोस्ती’ सराव १९९१ पासूनचा, २०१२ मध्ये त्यात श्रीलंका आला. कोलंबो सुरक्षा परिषदेत या तिघांना २०२२ मध्ये मॉरिशस मिळाला, २०२४ मध्ये बांगलादेशही सदस्य झाला. आणि बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, भारत-मालदीव लष्करांचा ‘एकुवेरिन’ हा सराव २००९ मध्ये पहिल्यांदा झाला तो आपल्याच बेळगावात. धिवेही भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मित्र’. मधल्या काळात दोन्ही सरकारांचं बिनसलं, पुन्हा जुळलं. तो सराव मात्र दोघांत राहिल्यामुळे पुन्हा पुन्हा करता आला. आठ जणांचा असता तर एवढा टिकला असता का, याची मला शंका वाटते.

तेव्हा कोणी काय घ्यावं? करारांची कलमं, मतदानाचे नियम, ब्रसेल्समधल्या संस्था यांत ज्याचं मन रमतं त्यानं मोठी वाट घ्यावी. साहित्य भरपूर मिळतं, मार्गदर्शकही खूश असतात. वादविवादाला तर ती बाजू सोपी, कारण आकडे मोठे आहेत. प्रत्यक्षात कोण कोणाबरोबर राबतं हे ज्याला पाहायचं आहे, त्यानं डेन हेल्डर आणि ऑस्टेंडपासून सुरुवात करावी. कष्ट जास्त पडतील, कारण सुटे धागे जोडावे लागतात. मला विचाराल तर मी दुसऱ्यांदाही हीच घेईन.

फक्त एक गोष्ट मी आज प्रबंधात वेगळी लिहिली असती. तेव्हा मी दोन्ही वाटा एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या. २०२२ च्या मार्चमध्ये संघानं ५,००० जणांच्या नव्या तातडीच्या फौजेचं ठरवलं, तेव्हा सामाईक खर्चाची व्याप्ती वाढवायची भाषाही त्यात आली. जाणारे शेजारी असावेत आणि पैसा सत्तावीस जणांच्या थैलीतून यावा, अशी जोड बसली तर मोठ्या वाटेबद्दलची माझी निम्मी तक्रार मिटेल.

आमच्या गावात आम्ही वहीतली ती ओळ खोडली. आता मे संपायच्या आत सगळ्या गल्ल्यांकडून पट्टी गोळा होते आणि डिझेलचे दोन कॅन भरून देवळाच्या मागच्या खोलीत ठेवले जातात. खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी बांधावरच्या त्या दोघांकडे.