दांडिया बाजारातला रविवारचा ग्रुप ड्रमिंग क्लास: तबला शिकायला पाठवू नका

भाचीला या क्लासला घातल्यापासून बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय. मूल तबला-ढोलकी शिकेल या आशेने पाठवणार असाल तर पैसे पाण्यात, त्यासाठी १८८६ पासूनचं म्युझिक कॉलेज आपल्या बडोद्यात आहेच की. इथे जेंबे असतो, पश्चिम आफ्रिकेतला, बकऱ्याच्या कातड्याचा, हाताने वाजवायचा ड्रम, आणि मधला घुमणारा, काठावरचा मोकळा आणि तडक मारलेला असे तीन आवाज कळले की झालं, पहिल्या दिवसापासून पोरं वाजवायलाच लागतात.

सर म्हणाले ऑस्ट्रेलियात २००३ च्या सुमारास ड्रमबीट नावाचा असाच कार्यक्रम सुरू झाला, समुपदेशकासमोर बसून बोलायला तयार नसलेल्या मुलांसाठी, आणि गोल करून ड्रम वाजवण्याची ही पद्धत निर्वासित मुलांसोबतही वापरतात. पटतं ते, नवी भाषा येत नाही, जे झालं ते सांगायचं नाही, पण ताल धरायला काही बोलावं लागत नाही ना. आमची भाची नुसती बदलीमुळे शाळा बदलून आलीय, घरदार सोडून पळालेल्या मुलांशी तिची तुलना मी करणारच नाही, पण गुजराती येत नाही म्हणून वर्गात तोंड उघडायची नाही हे खरं.

इथे एक खेळ असतो, सगळे मिळून जोरजोरात बडवतात आणि मधे उभं असलेल्याने हात वर केला की एकदम थांबायचं. तिची पाळी आली तर ही नुसती उभी, मग हळूच खांद्यापर्यंत हात नेला आणि अख्खा हॉल गप्प! पुढे तिने तो इतक्यांदा वरखाली केला की पोरं वैतागली, सरांनी मात्र अजिबात टोकलं नाही, हे मला फार आवडलं. कोणी चुकलं तरी बाकीच्यांच्या आवाजात खपून जातं, एकट्याला उभं करून वाजवायला लावत नाहीत.

फी जरा जास्तच आहे, पावसाळ्यात कातडी सैल पडून आवाज बसतो, पार्किंगचं तर बोलूच नका. खरी तक्रार शेवटच्या कार्यक्रमाची, पालक मोबाईल घेऊन समोर आणि मुलं ओळीत स्टेजवर, म्हणजे इतके दिवस गोलात बसवून जे कमावलं ते एका संध्याकाळी घालवायचं? भाची त्या दिवशी गेलीच नाही, आम्हीही जबरदस्ती केली नाही. नाव घालताना तेवढं विचारून घ्या, कार्यक्रम सक्तीचा नाहीये पण आपणहून कोणी सांगत नाही.